मजल्यावरची बाई आणि माझा अभिप्राय

अन्याय झाला तो अंधेरीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईवर. कधी झाला तेही सांगते. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी ती हॉटेलातली ड्युटी संपवून घरी निघाली होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं. मी घाटकोपरला आमच्या घरात, मोरीशेजारच्या पायरीवर बसले होते आणि फोनवर लिहिलेला मजकूर मी पाठवून दिला. यात हॉटेलवाले आहेत, एजन्सीवाले आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण पहिला नंबर माझा.

मी पत्रकं लिहिते. कंत्राटी सफाई कामगारांची आमची एक लहानशी संघटना आहे. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत आम्ही जमतो. पत्रक कसं लिहायचं ते मला आमच्या दादांनी शिकवलं. सख्खे नव्हेत, आमच्या संघटनेतले सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचे दादा. ते म्हणायचे, कामगारांवर अन्याय होतोय असं लिहिलंस तर लोक त्या कागदात भजी गुंडाळतील. कोणावर झाला, कुठल्या मजल्यावर, किती वाजता, ते पहिल्या ओळीत टाक. वेळ दिली की समोरच्याला खोटं म्हणता येत नाही. हे मी इतकं पाठ केलं होतं की भाजीवाल्याशी भांडतानाही आधी वेळ सांगायचे.

त्या हॉटेलात मी पाहुणी म्हणून राहिले. एका मोठ्या संस्थेने कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर दोन दिवसांची परिषद ठेवली होती आणि बोलायला बोलावलेल्या सगळ्यांची सोय तिथेच केली होती. घाटकोपरहून मेट्रोने मी सहज येऊन-जाऊन केलं असतं. पण यादीत माझ्या नावापुढे खोली लिहिलेली होती आणि मी नको म्हणाले नाही. मला राहायचं होतं. आई म्हणाली, जा, बघून तरी ये आत काय असतं, आणि येताना ते छोटे साबण आण.

आत काय असतं ते सांगते. पलंगावर सहा उशा असतात आणि पाच कुठे ठेवायच्या हा प्रश्न असतो. खिडकी उघडत नाही. खाली विमानतळाची भिंत आणि भिंतीला टेकून निळ्या ताडपत्र्या दिसतात, पण आवाज येत नाही, त्यामुळे ते टीव्हीवर बघितल्यासारखं वाटतं. नाश्त्याला काचेच्या वाटीत दोन चमचे पोहे देतात, वर डाळिंबाचे चार दाणे. आणि बाथरूम आमच्या घरापेक्षा मोठं असतं. मी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत बादली घेऊन मोठी झाले. बाहेरून कोणीतरी ‘आटप गं’ म्हणत दार वाजवणार, हे गृहीत धरूनच आत जायची सवय. त्या बाथरूममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा दार लावून मी नुसती उभी राहिले. कोणी वाजवलं नाही.

गुरुवारी सकाळी परिषदेच्या मधल्या सुट्टीत कागद विसरले म्हणून वर आले तर दार उघडं, बाहेर ट्रॉली आणि आत एक बाई चादर बदलत होती. पंचेचाळिशीची असेल. राखाडी युनिफॉर्म, केस जाळीत बांधलेले. खाली हॉलमध्ये आम्ही श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होतो आणि वर माझी चादर दुसरीच बाई बदलत होती, म्हणून लाज वाटली. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. ती मान वर न करता म्हणाली, मॅडम, सोडा, तुम्ही लावलेला कोपरा मला परत काढावा लागेल. सुपरवायझर बोटाने चाचपून बघतो.

मग विचारलं, कुठून आलात. मी घाटकोपर म्हटल्यावर ती थांबली.

“घाटकोपरहून इथे राहायला? मेट्रो बंद पडली काय?”

मी हसले, तीही हसली आणि तिथून तिने मॅडम सोडून दिलं. घाटकोपरच्या पोरीला मॅडम कशाला म्हणू गो, म्हणाली. ती मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते, ती साकीनाक्याला राहायची. या हॉटेलात अकरा वर्षं झाली होती, पण पगार एजन्सीकडून, दर वर्षी नवा कागद. रोज चौदा खोल्या. बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत.

टेबलावर पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. त्यातली एक मी तिला दिली. तिने घेतली नाही. ड्युटीवर पाणी पीत नाही म्हणाली. का, तर पाणी प्यायलं की जावं लागतं. कामगारांचं शौचालय तळघरात, तेही खालच्या तळघरात. जायचं तर ट्रॉली मजल्यावर एकटी सोडता येत नाही, सुपरवायझरला फोन करून परवानगी घ्यायची, तो विचारणार आत्ताच तर गेली होतीस ना, मग सर्व्हिस लिफ्टची वाट बघायची. त्यात एक खोली मागे पडते. म्हणून ती सकाळी घरून जाऊन यायची आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा जायची. जळजळ वर्षभर होती. डॉक्टर म्हणाला होता पाणी प्या. ती म्हणाली, डॉक्टरला काय, त्याचं संडास केबिनच्या मागेच आहे.

चौदा संडास घासणारी बाई. मी म्हटलं, मग इथलंच वापरा ना, मी सांगते आहे. तिने नकारार्थी मान हलवली. पाहुण्यांचं बाथरूम वापरताना कोणी दिसली की त्याच दिवशी घरी, आणि त्यांच्या मजल्यावरची एक गेलीही होती. शिवाय आत्ता तर अजिबातच नाही, म्हणाली. पुढच्या महिन्यात आठ जणांना कायम करणार होते. यादी आतून फुटली होती आणि यादीत ती होती. कायम झाली की हॉटेलची नोकर, मग सुपरवायझरला एवढं घाबरायचं कारण नाही. “एवढा महिना नीट जाऊ दे गो,” म्हणाली आणि दार पुसायला लागली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मी खोलीतच होते. दुपारी मला बोलायचं होतं, त्याची टिपणं काढत होते. दारावर टकटक झाली. तीच होती. ट्रॉली दाराला टेकवून उभी, चेहरा पांढरा, एक हात ओटीपोटाशी.

“दोन मिनिटं जाऊ काय गो?”

मी बाजूला झाले. दोन मिनिटंही लागली नाहीत तिला. पण बाहेर यायला पाच लागली, कारण तिने बेसिन पुसलं, फ्लशचं बटण पुसलं, फरशीवरचे आपल्या चपलांचे ठसे पुसले आणि कागदाच्या गुंडाळीचं टोक पुन्हा त्रिकोणी दुमडून ठेवलं, पाहुण्यांना लागतं तसं. मग टेबलाजवळ उभी राहून तिने अख्खा ग्लास पाणी प्यायलं. डोळे मिटून. ग्लास धुतला, उपडा ठेवला आणि गेली. मला थँक्यू वगैरे म्हणाली नाही. मलाही म्हणावंसं वाटलं नाही काही.

दुपारी मी सात मिनिटं बोलले. तिचा विषय काढला नाही, कारण ती त्याच इमारतीत होती. बघा, एवढी अक्कल मला होती.

संध्याकाळी निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, फोनवर लिंक येईल, मोकळेपणाने अभिप्राय लिहा. शनिवारी दुपारी लिंक उघडली आणि मोकळेपणाने लिहिलं. पोहे बरे होते हे लिहिलं. खिडकी उघडत नाही हे लिहिलं. मग लिहिलं की तुमच्या हॉटेलात चौदा संडास घासणाऱ्या बाईला स्वतःसाठी एक नाही. नुसतं एवढंच असतं तर चाललं असतं. पण मला शिकवलेलं मी विसरणार कशी? मजला लिहिला. शुक्रवार लिहिला. अकरा वाजून दहा मिनिटं लिहिली. ती आली, पोट धरून उभी होती आणि माझं बाथरूम वापरल्यावर कोरड्या घशाने पाणी प्यायली, सगळं लिहिलं. पुन्हा वाचलं तेव्हा मला ते फार चांगलं लिहिलंय असं वाटलं.

आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, तिचं नाव नाही ना टाकलंस? मी म्हटलं, वेडी आहे का मी. आणि पाठवून दिलं.

मंगळवारी हॉटेलचं उत्तर खाली दिसलं. आपल्या स्पष्ट अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, योग्य ती कार्यवाही केली आहे. मी ते आमच्या ग्रुपवर टाकलं. दादांनी ‘झकास’ लिहिलं. संध्याकाळी अभ्यासिकेत चहा झाला आणि आम्ही ठरवलं की लोखंड गरम आहे, आता त्याच हॉटेलच्या मागच्या गेटवर पत्रकं वाटायची. मागणी एकच, प्रत्येक मजल्यावर कामगारांसाठी शौचालय.

पुढच्या आठवड्यात, दुपारी तीनला पाळी सुटते तेव्हा, मी त्या गेटवर उभी होते. बायका बाहेर येत होत्या आणि माझ्यापासून हातभर लांबून वळसा घालून जात होत्या. कोणी कागद घेईना. मला वाटलं सुपरवायझरची भीती आहे. शेवटी लाँड्रीतल्या एका म्हाताऱ्याने घेतला, तिथेच उभा राहून अर्धा वाचला आणि विचारलं, नेटवर लिहिलं ते तुम्हीच का? मी अभिमानाने हो म्हटलं. तो म्हणाला, सोमवारी हजेरीलाच काढली तिला. ड्युटीचा तक्ता उघडला, त्या मजल्यावर त्या वेळेला एकच बाई होती. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत साहेबांना. त्याने कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

नाव लिहिलं नाही म्हणून मला वाटत होतं मी तिला जपलं. सफाई कामगारांची मुलगी मी, आईचे ड्युटीचे तक्ते बघत वाढले. मजला आणि वेळ म्हणजेच तिथे नाव असतं हे मला कळायला हवं होतं.

साकीनाक्याला तिची गल्ली त्या म्हाताऱ्यानेच सांगितली. खाली लेथ मशिनची छोटी वर्कशॉपं, वर राहत्या खोल्या, लोखंडी जिना. ती जमिनीवर बसून ब्लाउजचे हुक पुठ्ठ्याच्या कार्डावर लावत होती, शेजारी तयार कार्डांचा ढीग. मला बघून तिने हात थांबवले नाहीत. बस म्हणाली. पाणी दिलं.

मी माफी मागितली. मग घाईघाईने सांगायला लागले की आपण गप्प बसायचं नाही, लेबर ऑफिसात तक्रार करू, संघटना तुमच्या मागे आहे, गेटवर धरणं धरू. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “मी तुला लिहायला सांगितलं होतं काय?”

नाही, म्हटलं.

“मग विचारलंस तरी?”

विचारलंही नव्हतं.

मग तिने जे मागितलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. धरणं नको, तक्रार नको. हॉटेलला लिहून दे की ते खोटं होतं. बाई खोलीत आली नव्हती, मी ऐकीव गोष्ट लिहिली. महिना संपायला अजून दहा दिवस आहेत, यादी अजून लागलेली नाही. कदाचित घेतील.

मी म्हटलं, “पण ते खरं आहे ना.”

“खरं आहे ते मला शिकवू नको,” ती म्हणाली. “पोट माझं होतं, मूत माझं होतं. तुझं त्यात काय होतं गो?”

मी जिना उतरले तेव्हा लेथच्या आवाजात मला माझंच रडणं ऐकू येत नव्हतं, ते बरं झालं.

दादांना सांगितलं तर ते भडकले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकदा आपण लिहून दिलं की आपणच खोटं लिहिलं, की पुढचं प्रत्येक पत्रक ते लोक आपल्या तोंडावर फेकतील. बाकीच्या बायकांचं काय, ज्यांना उद्याही तळघरातच जावं लागणार? एकीसाठी सगळ्यांचा पुरावा जाळायचा? मी म्हटलं, तो पुरावा माझा नव्हता, मी तो उचलून आणला होता. आमचं कडाक्याचं भांडण झालं. विहारातली पोरं पुस्तकं मिटून ऐकत बसली. शेवटी दादा म्हणाले, तुझ्या सहीने दे, संघटनेचं नाव घालू नको. आणि तोंड फिरवलं.

मी लिहिलं. मी आयुष्यात लिहिलेला तो सगळ्यात छोटा कागद. सदर महिला माझ्या खोलीत आलेली नव्हती, मी लिहिलेला मजकूर ऐकीव व चुकीचा होता, त्याबद्दल दिलगीर आहे. खाली सही. नेटवरचा अभिप्राय काढून टाकला आणि कागद घेऊन स्वतः गेले. आता पाहुणी नव्हते, तरी पुढच्या दारानेच गेले. सुटातल्या मॅनेजरने तो दोनदा वाचला, मला कॉफी विचारली, फार सौजन्याने बोलला. तुमचा मोठेपणा आहे, म्हणाला. पण त्या आमच्या कर्मचारी नाहीतच. तो निर्णय एजन्सीचा. अकरा वर्षं त्याच्या इमारतीत झाडणारी बाई त्याची कोणी नव्हती, आणि काढायच्या वेळी मात्र त्याचा शब्द पुरला होता. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. तो हसला आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं.

एजन्सीच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. ती पुढे बसली, मी मागे, कारण तिनेच सांगितलं होतं, तू तोंड उघडायचं नाही. तिथल्या माणसाने कागद फाइलला लावला. म्हणाला, हॉटेलात आता नाही पाठवू शकत, मुलुंडच्या एका मॉलमध्ये जागा आहे, घ्यायची तर घ्या. नवीन म्हणून. कार्ड नवीन, नोंद नवीन. अकरा वर्षांचं काय, तिने विचारलं. तो म्हणाला, ते त्या साइटचं होतं. त्याने अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं, तिने पेन मागितलं आणि सही केली. तिला सही येते.

महिन्याच्या शेवटी हॉटेलात यादी लागली. सात जणांची लागली.

मी मुलुंडला तिला अधूनमधून भेटते. मॉलमध्ये ती दुसऱ्या मजल्यावरची बायकांची स्वच्छतागृहं बघते आणि ती सगळ्यांसाठी उघडी आहेत, तिच्यासाठीसुद्धा. मला एकदा म्हणाली, इथे पाणी पिते हो मी. तिची जळजळ कमी झाली आहे. यावर समाधान मानायची मला परवानगी नाही आणि मी मानतही नाही. तिच्या मैत्रिणी अजून त्या हॉटेलातच आहेत, अजून घसा कोरडा ठेवून चौदा खोल्या करतात.

हा लेख छापायला द्यायच्या आधी मी तिच्यासमोर बसून तिला अख्खा वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी थांबवलं. मजला काढ, म्हणाली. मुलांचा उल्लेख होता तो काढ. आजाराबद्दलचं ठेवू का, विचारलं तर ठेव म्हणाली, ते सगळ्यांनाच असतं. हॉटेलला खोटं लिहून दिलं तेही सांगू का? तिने आधी हातातला चहा संपवला. मग म्हणाली, सांग. आता माझ्याकडचं काय काढून घेणार?

तर हे तुम्ही वाचताय. तुमच्यातले काही जण कामासाठी, लग्नासाठी, कोणाच्या तरी खर्चाने अशा हॉटेलांत उतरता. जुहूला, अंधेरीला, कुठेही. माझं तुमच्याकडे मागणं आहे आणि मी ते हात जोडून करत नाही. खोली सोडताना काउंटरवर उभे राहा आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात विचारा, इथे खोल्या साफ करणाऱ्या बायका शौचालयाला कुठे जातात? कुठल्या मजल्यावर, परवानगी कोणाची लागते, किती वेळ मिळतो? कोणी सांगितलं असं त्यांनी विचारलं तर म्हणा, कोणी नाही, मलाच जाणून घ्यायचंय. तुम्हाला कोणी काही सांगितलंच असेल तर ते त्या माणसाला विचारल्याशिवाय कुठेही लिहू नका, कितीही खरं असलं तरी. उत्तर मिळेपर्यंत बिल भरू नका. मागे रांग लागली तर लागू द्या. तुम्हाला कोणी कामावरून काढणार नाही. विचारा.